तारीख एक, नोंदी अनेक : दिनविशेषामागचं गणित

शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी एका कोपऱ्यात 'आजचा दिनविशेष' लिहायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. पेण तालुक्यातल्या शाळेत ११ सप्टेंबरला पहिलं नाव कोणाचं लिहायचं, यावर चर्चा होण्याचं कारण नाही. १८९५ साली याच तारखेला तालुक्यातल्या गागोदे गावी विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे विनोबा, जन्मले. घरचं नाव आधी. पण पुढच्या ओळी लिहायला घेतल्या की फळा पुरत नाही. १८९३ : शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंदांचं भाषण. १९०६ : जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींच्या लढ्याची शपथ. १९११ : लाला अमरनाथ यांचा जन्म. १९४८ : महंमद अली जिनांचा मृत्यू. १९७३ : चिलीचे राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचा अंत. १९८७ : महादेवी वर्मा यांचं निधन. आणि २००१ चं तर सांगायलाच नको.

मग कोणीतरी विचारतंच, एकाच तारखेवर एवढी गर्दी कशी? त्या दिवशी काही खास 'योग' आहे का? हा प्रश्न फक्त मुलांना पडत नाही. मोठी माणसंही व्हॉट्सअॅपवर आलेला असा मजकूर 'अजब योगायोग!' म्हणून पुढे ढकलतात.

यातलं बरंचसं अजब वजा-भागाकारात विरघळतं. उरलेलं कॅलेंडरात आणि शाळेच्या रजिस्टरात सापडतं.

तीनशे पासष्ट खणांची मांडणी

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात पावसाच्या तोंडावर शिरलं, की भिंतीला लागून छतापर्यंत ठोकलेल्या फळ्या दिसतात आणि त्यांवर रंगाची वाट पाहत बसलेल्या पांढऱ्या मूर्ती. अशीच एक मांडणी मनात उभी करावी, बरोबर ३६५ खणांची. एक खण म्हणजे वर्षातली एक तारीख. (२९ फेब्रुवारीवाल्यांनी तूर्त रागावू नये.) एक कारागीर डोळ्यांवर पट्टी बांधून मूर्ती ठेवत चालला आहे. हात जाईल त्या खणात मूर्ती. एकही खण रिकामा राहू नये यासाठी त्याला किती मूर्ती लागतील?

३६५ पुरणार नाहीत हे उघड आहे, कारण काही खणांत दोन-तीन जातील आणि काही कोरडेच राहतील. गणित सांगतं की शेवटचा हट्टी खण भरेपर्यंत सरासरी २,३६० च्या आसपास मूर्ती लागतात. म्हणजे दोन-अडीच हजार नामवंतांचे जन्मदिवस हाताशी असले की वर्षातली जवळजवळ प्रत्येक तारीख भरते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशाचे खंड किंवा मराठी विश्वकोशाचे वीस खंड ज्यांनी चाळले असतील, त्यांना अडीच हजार माणसं म्हणजे काहीच नाही हे पटेल. त्यात मृत्यूच्या तारखा मिळवल्या की साठा दुप्पट होतो. लढाया, शोध, भाषणं, करार वेगळेच.

तेव्हा फळ्यावरची गर्दी हे आश्चर्य नाही. एखादी तारीख पूर्ण कोरी निघाली असती, तर ते आश्चर्य ठरलं असतं.

साध्या लोकसंख्येतूनही हेच दिसतं. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाखांवर होती. ३६५ ने भागलं, तर प्रत्येक तारखेच्या वाट्याला एकट्या जिल्ह्यातली सात हजारांवर माणसं येतात. जगाचा हिशेब आठशे कोटींचा धरला, तर दर तारखेला दोन कोटींहून जास्त लोक आपापला केक कापत असतात.

तेवीस जणांची गंमत

आता मांडणी रिकामी करून खेळ पुन्हा सुरू करू. या वेळी प्रश्न वेगळा आहे. कुठल्या तरी एका खणात दोन मूर्ती एकत्र येण्याची शक्यता निम्म्यावर जायला किती मूर्ती ठेवाव्या लागतील? बहुतेक लोक ३६५ च्या निम्मे, म्हणजे १८० वगैरे सांगतात.

उत्तर आहे २३.

पहिली मूर्ती कुठेही ठेवली तरी अडचण नाही. दुसरीला ३६५ पैकी ३६४ खण मोकळे असतात, तिसरीला ३६३, चौथीला ३६२. 'टक्कर झाली नाही' असं म्हणायचं तर हे प्रत्येक पाऊल निभावलं पाहिजे. म्हणून या सगळ्या अपूर्णांकांचा गुणाकार करायचा. प्रत्येक अपूर्णांक एकापेक्षा थोडासाच कमी असतो, पण असे बावीस गुणत गेलं की गुणाकार घसरत ०.४९ वर येतो. म्हणजे टक्कर होण्याची शक्यता ५१ टक्क्यांच्या आसपास. चाळीस जणांत ती ८९ टक्के होते आणि पन्नास जणांच्या वर्गात ९७ टक्के. रोह्याच्या किंवा पेणच्या कुठल्याही भरलेल्या वर्गात हजेरीपट घेऊन बसलं तर हे पंधरा मिनिटांत पडताळता येईल.

डोकं इथे का फसतं? माणूस नकळत स्वतःचीच तारीख धरून बसतो. 'माझ्या' तारखेचा जोडीदार हवा असेल, तर निम्म्या शक्यतेसाठी खरोखरच २५३ माणसं लागतात. पण कोणाचाही कोणाशीही मेळ चालणार असेल, तर जोड्या मोजायच्या असतात. तेवीस माणसांत जोड्या होतात २३ गुणिले २२ भागिले २, म्हणजे पुन्हा २५३. आकडा तोच, फक्त या वेळी तो माणसांचा नसून जोड्यांचा आहे.

खऱ्या यादीवर हे तपासू. अमेरिकेचे आजवरचे अध्यक्ष ४५ व्यक्ती. इतक्यांत एक जोडी मिळण्याची शक्यता ९४ टक्के, आणि ती मिळतेच : जेम्स पोक आणि वॉरन हार्डिंग, दोघांचा जन्म २ नोव्हेंबरचा. भारताचे पंतप्रधान, गुलझारीलाल नंदांसह, १५. इथे शक्यता फक्त २५ टक्के, आणि पंधरा जणांत एकही जोडी नाही. गणित दोन्हीकडे शब्दाला जागलं आहे.

१ ऑगस्ट १९२०

महाराष्ट्रात मात्र एक जोडी अशी आहे की तिथे नुसती तारीख नाही, सालही एकच आहे. १ ऑगस्ट १९२० ला मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णा भाऊ साठे, जन्मले. आज शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत १ ऑगस्टला दोघांच्या प्रतिमांना एकत्र हार घातले जातात. भाषणात कोणी ना कोणी या योगाचा अर्थ लावतोच.

त्या दिवशी हिंदुस्थानात हजारो बाळं जन्मली होती. वाटेगावच्या बाळाचा जन्मदिवस कोणता, हे टिळकांच्या अंत्ययात्रेला गेलेल्या माणसाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ही जोडी जमायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. मुलगा मुंबईत आला, गिरणीत राबला, शाहीर झाला, 'फकिरा' लिहिली, आणि मग कोणीतरी तारखा शेजारी शेजारी मांडल्या. त्याच दिवशी जन्मून आयुष्यभर भातलावणी केलेल्यांच्या तारखा कोणी टिळकांशी जुळवत बसत नाही. योगायोग असे मागे वळून पाहताना दिसतात. चाळणीत राहिलेलंच आपल्या हाती येतं, खाली पडलेलं कोणी मोजत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हे नेमकं कळलं होतं. त्यांचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओच्या मृत्यूला बरोबर ३०० वर्षं झाली त्या दिवशीचा. ते हे मोठ्या आवडीने सांगत, आणि लगेच पुस्ती जोडत की त्या दिवशी जगात आणखी दोनेक लाख मुलं जन्मली असतील. (ते गेले १४ मार्चला. आइन्स्टाइनचा जन्मदिवस तोच. चाहत्यांचं समाधान व्हायला एवढं पुरतं.)

स्वतःच्याच वाढदिवसाला मरण येणं हा याच खेळातला आणखी एक डाव. शक्यता ३६५ त एक. म्हणजे हजार नामवंतांत असे दोन-तीन निघायचेच. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय १ जुलै १८८२ ला जन्मले आणि १ जुलै १९६२ ला गेले. म्हणूनच १ जुलै हा आपल्याकडे डॉक्टर्स डे. पु. ल. देशपांडे १२ जून २००० ला गेले, तेव्हा त्यांच्या आणि सुनीताबाईंच्या लग्नाचा ५४ वा वाढदिवस होता. मन हळवं होतं हे खरं, पण गणिताला त्यात काही खटकत नाही.

चौकट : पेण-रोह्याच्या तारखा आणि त्यांचे शेजारी

आचार्य विनोबा भावे : जन्म ११ सप्टेंबर १८९५, गागोदे (पेण). त्याच तारखेला जिनांचा मृत्यू (१९४८). निधन १५ नोव्हेंबर १९८२, पवनार. त्याच तारखेला बिरसा मुंडांचा जन्म (१८७५).

चिंतामणराव देशमुख : जन्म १४ जानेवारी १८९६, रायगडाजवळचं नाते, बालपण रोह्यात. त्याच तारखेला पानिपतचं युद्ध (१७६१), महाश्वेतादेवींचा जन्म (१९२६). निधन २ मे १९८२. त्याच तारखेला लिओनार्दो दा विंचीचा मृत्यू (१५१९), सत्यजित राय यांचा जन्म (१९२१).

पांडुरंगशास्त्री आठवले : जन्म १९ ऑक्टोबर १९२०, रोहा. स्वाध्याय परिवार हा दिवस मनुष्य गौरव दिन म्हणून पाळतो. त्याच तारखेला शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांचा जन्म (१९१०), रदरफर्ड यांचा मृत्यू (१९३७). निधन २५ ऑक्टोबर २००३. त्याच तारखेला पिकासोचा जन्म (१८८१), साहिर लुधियानवींचा मृत्यू (१९८०).

या तीन माणसांबाबत तारखांपेक्षा चकित करणारी गोष्ट वेगळी आहे. तिघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला : विनोबांना १९५८ मध्ये, म्हणजे पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला त्याच वर्षी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेल्या देशमुखांना १९५९ मध्ये आणि आठवले यांना १९९६ मध्ये. त्या काळी हा पुरस्कार देण्याचा दिवस होता ३१ ऑगस्ट, म्हणजे रामोन मॅगसेसे यांचा जन्मदिवस. कोकणातल्या या एवढ्याशा टापूतून तीन मॅगसेसे निघणं खणांच्या हिशेबाने समजावता येणार नाही. तिथे घराणी, शिक्षण, मुंबईची जवळीक असं बरंच काही शोधावं लागेल.

कुंडलिकेच्या मुखाशी दहा दिवसांचा फरक

आतापर्यंत तारीख म्हणजे तारीख, असं गृहीत धरलं. इथून पुढे ते चालणार नाही.

रोह्याच्या काठाने वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. मुखाच्या एका अंगाला रेवदंड्याचा कोट, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा किल्ला. १७४० पर्यंत दोन्ही पोर्तुगीजांकडे होते. वर मुंबईत १६६० च्या दशकापासून इंग्रज. सतराव्या शतकात रेवदंड्यातला पाद्री ज्या दिवसाला १६ जून म्हणायचा, त्याच दिवसाला मुंबईतला इंग्रज कारकून ६ जून म्हणायचा. होडीने दिवसभराच्या वाटेवर दहा दिवसांचा फरक!

कारण साधं होतं. ज्युलियस सीझरच्या जुन्या पद्धतीत दर चौथं वर्ष लीप, म्हणजे वर्ष सरासरी ३६५.२५ दिवसांचं. ऋतूंचं खरं वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण सव्वाशेहून थोड्या अधिक वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडर ऋतूंच्या दहा दिवस मागे पडलं होतं. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि शतकी वर्षांपैकी ४०० ने भाग जाणारीच लीप ठेवली. पोर्तुगालने ते लगेच मानलं. इंग्लंडने पोपचं ऐकायला १७५२ उजाडू दिलं.

शिवराज्याभिषेक रायगडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ला झाला. समारंभाला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती इंग्रजांची जुनी, ज्युलियन तारीख. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून.

शिवजयंतीचंही तेच. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, वार शुक्रवार अशी नोंद आहे. वार हा इथला भरवशाचा साक्षीदार, कारण पोपने तारखा उडवल्या तरी वारांची साखळी तोडली नाही. १९ फेब्रुवारी १६३० ज्युलियन पद्धतीने शुक्रवारी येते. आजच्या पद्धतीने मागे मोजलं, तर १९ फेब्रुवारीला मंगळवार पडतो आणि शुक्रवार येतो १ मार्चला. रायगडावरच्या महाराजांच्या महानिर्वाणाची तारीख, ३ एप्रिल १६८०, तीही ज्युलियनच. तो दिवस होता शनिवार, चैत्र पौर्णिमेचा.

दिनविशेषाच्या पानावर १९ फेब्रुवारीला शिवजन्मासोबत गोपाळ कृष्ण गोखल्यांचं निधन (१९१५) छापतात. गोखल्यांची तारीख ग्रेगोरियन, महाराजांची ज्युलियन. पानावर दोघे शेजारी, पण सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या जागेत दहा दिवसांचं अंतर. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस २३ एप्रिल १६१६ ला एकाच दिवशी गेले असं सांगतात, तेही याच चुकीतून. इंग्लंडची ती तारीख स्पेनच्या त्या तारखेनंतर दहा दिवसांनी उगवली. याचा अर्थ १९ फेब्रुवारी बदलून टाकावी असा मुळीच नाही. ठरलेल्या तारखेला उत्सव करावा, फक्त तिच्यावरून 'योग' काढायला बसू नये.

तिथीचं चाक वेगळं

रायगडावर शिवपुण्यतिथी चैत्र पौर्णिमेला होते आणि राज्याभिषेक सोहळा ६ जूनलाही होतो, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. शिवजयंती तर तारखेची वेगळी आणि तिथीची वेगळी, हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे.

तारीख सूर्यावर चालते, तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल सारखी नसल्याने तिथी कधी १९ तासांची, कधी २६ तासांची. सूर्योदयाला जी तिथी चालू, ती त्या दिवसाची. म्हणून कधी तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. अशा बारा महिन्यांचं वर्ष भरतं ३५४ दिवसांचं, सूर्यवर्षाहून ११ दिवसांनी तोकडं. तूट साठत जाते आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ती भरून काढतात.

म्हणून तारीख आणि तिथी पुन्हा हातात हात घालून यायला साधारण १९ वर्षं लागतात. १९ सूर्यवर्षं म्हणजे जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास. विनोबांनी पवनारला प्रायोपवेशनाने देह ठेवला तो १५ नोव्हेंबर १९८२ चा दिवस दिवाळीतल्या अमावास्येचा होता. १९ वर्षांनी, २००१ मध्ये, लक्ष्मीपूजन आलं १४ नोव्हेंबरला. आणखी १९ वर्षांनी, २०२० मध्ये, पुन्हा १४ नोव्हेंबरला. एका दिवसाची चूकभूल, पण चक्र तेच. मधल्या वर्षांत विनोबांची तिथी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फिरत राहते.

आणि पानिपतची संक्रांत? चिंतामणराव देशमुखांचा जन्म १४ जानेवारीचा, तेव्हा 'ऐन संक्रांतीचा' असं कोणीही सहज म्हणेल. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांवर 'संक्रांत कोसळली' हे तर वाक्यच रूढ झालं आहे. दोन्ही विधानं पंचांगात बसत नाहीत. मकर संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने मोजली जाते, आणि ते वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं. त्यामुळे संक्रांत साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. आणखी शंभर वर्षं मागे गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतची लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी. तोवर तिळगूळ वाटून चार दिवस झाले होते. देशमुखांच्या जन्माच्या वर्षीही संक्रांत १२-१३ जानेवारीलाच उरकली होती.

जिथे योगायोग नसतो

काही तारखा मात्र खणांच्या खेळात बसत नाहीत. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या, गटारी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. सणाला गावी निघालेले चाकरमानी, बाजारहाट करून परतणारे, बायका-मुलं. त्या किनाऱ्यालगतच्या गावांत वर्षश्राद्धं एकाच दिवशी आली आणि त्यामागचं कारणही एकच होतं.

गणितातली पहिली अट अशी की प्रत्येक मूर्ती स्वतंत्रपणे ठेवली जावी. अपघात, दरड, पूर, गोळीबार ही अट मोडतात. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० ला नाग्या कातकरी आणि त्यांचे साथी पडले, त्यांचा मृत्युदिन एक असणं हा योगायोग नव्हे. १९८९ च्या जुलैत अंबा नदीने जांभुळपाडा आणि नागोठणे धुऊन नेलं, किंवा १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला, तेव्हाचंही तसंच. रायगड जिल्ह्याच्या मृत्यूच्या रजिस्टरात जुलै महिना ज्याने वाचला, त्याला कोकणातला पाऊस वेगळा समजावून सांगायला नको.

गुरुजींनी दिलेली तारीख

आता सर्वांत ओळखीचं कोडं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या माणसांची आधार कार्डं पाहिली, तर १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसते. समाजमाध्यमांवर त्या दिवशी शुभेच्छांचा महापूर येतो. सरकारी कार्यालयांत ३१ मे ला निरोप समारंभांची रांग लागते, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो.

१ जूनला सगळा महाराष्ट्र जन्माला येत नव्हता. मूल घरात, सुईणीच्या हातून जन्मायचं. कातकरी आणि ठाकरांच्या वाड्यांवर तर नोंदीचा प्रश्नच नव्हता. विचारलं तर आई सांगायची, 'लावणीच्या दिवसांत झाला', 'होळीच्या आधी झाली', 'बोट बुडाली त्याच्या पुढल्या वर्षी'. शाळा जूनमध्ये भरायची आणि पहिलीसाठी वय पुरं लागायचं. गुरुजी पोराकडे नजर टाकायचे, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघायचे आणि रजिस्टरात १ जून लिहून सालाचा हिशेब बसवायचे. पुढे दाखला, नोकरी, मतदार यादी, पेन्शन, सगळीकडे हीच तारीख चालू लागली.

म्हणजे ३६५ खणांतल्या एका खणात गुरुजींनी हाताने मूर्ती रचल्या. डोळ्यांवर पट्टी नव्हती. त्या पिढीच्या पन्नास जणांत एक जोडी शोधायला ९७ टक्क्यांचं गणित कशाला हवं? पहिल्या बाकावरच चार जण सापडतील.

नामवंतांच्या तारखाही या दोषातून सुटलेल्या नाहीत. गरीब, अशिक्षित घरांत जन्मलेल्या अनेकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरूनच चरित्रात आली आहे. राजघराण्यातल्या बाळाची घटका-पळं ज्योतिषी लिहून ठेवायचे, शेतमजुराच्या बाळाचं सालही कोणी टिपलं नाही. दिनविशेषाच्या यादीत कोणाची तारीख पक्की आणि कोणाची अंदाजाने बसवलेली, यावरून त्या काळी कोणाच्या जन्माची दखल घेतली जायची हे सरळ कळतं. योगायोगांपेक्षा हे जास्त लक्ष देण्यासारखं आहे.

आता चित्र बदललं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत, मतदार नोंदणीपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत केली तर शुल्क नाही. नाव ठरलं नसेल तरी जन्म नोंदवता येतो, नाव मागाहून घालता येतं. मृत्यूच्या नोंदीलाही तीच २१ दिवसांची मुदत आहे. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि खेटे अटळ. घरात बाळ आलं असेल, तर बारशाच्या धावपळीत दाखल्याचं काम मागे ठेवू नये.